बार्शी लाईटची धाकटी बहीण आणि बायांच्या चालण्याची वाट

भिंगारहून आम्ही बचत गटाचं काम करणाऱ्या बाया तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय आहे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची वाट, आणि ती वाट सांभाळणारी गावची माणसं. काही जणी म्हणतील, रेल्वेचा आणि बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे. तो आपल्या गुडघ्यांशी आहे, साखरेशी आहे, आणि घराबाहेर अर्धा तास निर्धास्त चालता येतं की नाही याच्याशी आहे.

आमच्या मासिक बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की बोलणं आजारांकडे वळतं. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाचं वजन. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात, रोज अर्धा तास चाला. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी. बायका विचारतात, चालायचं कुठे? पाथर्डी रस्त्याला पहाटेपासून मालट्रक. कडेला चालावं तर दुचाकीवाले अंगावर येतात. गल्लीत चालावं तर कुत्री. म्हणून आम्ही शोध घेतला की ज्या गावांनी ही अडचण सोडवली त्यांनी काय केलं. त्यात ही रेल्वेची गोष्ट हाती लागली.

रुळवाट म्हणजे काय?

एखादी रेल्वे तोट्यात जाते आणि बंद पडते. रूळ उखडून नेतात. मागे राहतो तो लांबच लांब मातीचा भराव, ओढ्यावरचे छोटे पूल, मोऱ्या, एखादं स्टेशन. या पट्ट्यावर मुरूम किंवा डांबर टाकून चालायची आणि सायकलची वाट केली, तर जगात तिला ‘रेल ट्रेल’ म्हणतात. आपण सोयीसाठी तिला रुळवाट म्हणू.

ही वाट साध्या पायवाटेपेक्षा वेगळी का, तेही समजून घेऊ. लोखंडी चाक लोखंडी रुळावर पटकन घसरतं. त्यामुळे आगगाडीला खडा चढ चढता येत नाही. इंजिनिअर टेकडी कापतात, खोलगट जागी भराव घालतात आणि चढ अगदी हलका ठेवतात. घाट सोडले तर शंभर मीटर चालल्यावर जेमतेम एखादा मीटर चढ लागतो. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, पोटुशी सून, चाकाच्या खुर्चीतलं माणूस, तीनचाकी सायकलवरचं पोर, सगळ्यांना ती झेपते. भराव उंच असल्यामुळे पावसाळ्यात चिखल कमी. मोटारी येत नाहीत. आणि वाट बहुधा गावाच्या मधूनच जाते, कारण मुळात रेल्वे गावासाठीच आणलेली असते.

दोन बहिणी: एक बार्शीची, एक इंग्लंडची

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाईट रेल्वे जुन्या बायांना आठवत असेल. पंढरपूरला जाताना कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि त्या छोट्या गाडीत बसायचं. मुंबईहून येणारा मोठा रेल्वेमार्ग बार्शीच्या बाजारपेठेला बगल देऊन गेला होता. ती उणीव भरून काढायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीचा मार्ग आखला. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूरला गेली, १९११ पर्यंत लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटरचा मार्ग. धान्य, कापूस, तेलबिया आणि वारकरी, सगळ्यांना तिने वाहिलं. यात्रेला गर्दी झाली की मालाच्या डब्यांतूनही माणसं जायची. १९५४ साली सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली.

याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर भागात तशीच एक रेल्वे उभी केली. रुंदी तीच, अडीच फूट. ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ तिचं नाव. १९०४ साली ती सुरू झाली. म्हणजे ती बार्शी लाईटची धाकटी बहीणच. लांबी फक्त तेरा किलोमीटर. डोंगरातल्या नदीकाठाने जाणारी ही गाडी मुख्यतः दूध वाहायची. पुढे दूध मोटारींनी जाऊ लागलं, वाटेवरची दूध डेअरी बंद झाली आणि मार्च १९३४ मध्ये गाडीही थांबली.

इथून दोघी बहिणींचं नशीब वेगळं झालं. धाकटीचे रूळ काढल्यावर रेल्वे कंपनीने तो सगळा पट्टा, न तोडता, तिथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे सोपवला. तीनच वर्षांत, जुलै १९३७ मध्ये, तिथे लोकांसाठी चालायची वाट खुली झाली. ‘मॅनिफोल्ड वे’ या नावाने ती आजही आहे. त्यावर डांबर आहे, म्हणून बाबागाडी आणि चाकाची खुर्चीही जाते. एका टोकाच्या जुन्या स्टेशनच्या जागी पाहुण्यांना माहिती मिळते, चहा मिळतो. तीस वर्षं चाललेल्या गाडीची वाट आता ऐंशी वर्षांहून जास्त काळ चालते आहे.

थोरलीचं भाग्य एका अर्थाने मोठं, कारण तिच्या जागी मोठी गाडी आली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत लातूर–कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज हा मार्ग रुंद झाला. पण नवा मार्ग काही ठिकाणी जुन्या वाटेने न जाता वेगळा गेला. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हतं, नव्या मार्गाने ते जोडलं. अशी नवी वळणं घेतली की जुना भराव रिकामा पडतो. मग कुठे त्यावर रस्ता होतो, कुठे बाभळी वाढतात, कुठे मुरूम उचलला जातो, कुठे शेताचा बांध सरकतो. पट्टा एकदा मध्ये तुटला की पुन्हा सांधता येत नाही. दहा किलोमीटरची वाट शंभर ठिकाणी तुटली तर ती वाट राहत नाही, शंभर तुकडे राहतात. गाडी जाणार हे कळताच तो पट्टा कुणाच्या ताब्यात जाणार आणि कशासाठी, हे गावाने लगेच विचारायला हवं.

एका बाईचं पत्र

हे वेळेवर विचारण्याचं काम अमेरिकेत एका सत्तरीच्या बाईने केलं. मे थिलगार्ड वॉट्स तिचं नाव. झाडापेडांची ती मोठी जाणकार, शिकागोजवळच्या एका वृक्षोद्यानात शिकवायची. तिच्या भागातली एक रेल्वे बंद पडली होती. १९६३ च्या सप्टेंबरात तिने ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. म्हणणं साधं होतं: हा पट्टा आयता मिळतोय, चालायला द्या, पण घाई करा, नाहीतर तो वाटला जाईल. पत्र वाचून माणसं जमली आणि १९६५ साली त्यांनी संस्था नोंदवली. त्यांच्यात बायका पुढे होत्या. आज ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही सुमारे शंभर किलोमीटरची वाट आहे आणि तिची देखभाल करण्यात स्वयंसेवकांचा हात अजूनही आहे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्टही ऐकण्यासारखी. १९७७ साली तिथल्या सायकलवाल्यांनी गट केला. ब्रिस्टल ते बाथ ही जुनी रेल्वे बंद होती. १९७९ मध्ये त्यांनी बाथकडच्या आठेक किलोमीटरपासून काम सुरू केलं. खडी पसरणारे हात बरेचसे स्वयंसेवकांचे होते. १९८६ पर्यंत एकवीस किलोमीटरची वाट पुरी झाली. त्या छोट्या गटातूनच पुढे देशभर चालण्या-सायकलच्या वाटांचं जाळं विणणारी ‘सस्ट्रान्स’ ही संस्था मोठी झाली.

आणि पोटापाण्याचं उदाहरण न्यूझीलंडचं. ओटागो भागातली रेल्वे १९९० साली बंद पडली. वाट करायचं ठरलं तेव्हा आजूबाजूचे शेतकरी बिथरले. मेंढरांना त्रास होईल, अनोळखी माणसं शेतातून फिरतील, अशी त्यांची भीती. ती भीती खोटी नव्हती. कुंपणं, फाटकं, नियम यांवर बोलणी झाली. १९९४ मध्ये लोकांचा न्यास स्थापन झाला, त्याने पुलांवर फळ्या टाकायला, सोयी करायला पैसे उभे केले. २००० साली दीडशे किलोमीटरची वाट खुली झाली. आता माणसं तीन-चार दिवस सायकलने जातात, वाटेतल्या खेड्यांत राहतात, जेवतात. हातात एक छोटी पुस्तिका असते, जुन्या स्टेशनांच्या ठिकाणी तिच्यावर शिक्के मारून घेतात. ज्या खेड्यांतून रेल्वे गेल्यावर माणूस निघून चालला होता, तिथल्या घरांत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. खानावळ आणि मसाले करणाऱ्या आपल्या गटांना यातला अर्थ वेगळा सांगायला नको.

स्वयंसेवक नेमकं करतात काय?

वाट बांधायला एकदा पैसा लागतो, टिकवायला मात्र रोज कुणीतरी बघावं लागतं. गटाने उचलण्यासारखी कामं अशी आहेत.

पहिलं, वाटणी. सगळ्यांनी मिळून सगळी वाट सांभाळायची म्हटलं की कुणीच सांभाळत नाही. अर्धा-अर्धा किलोमीटर दोन-दोन जणींच्या नावावर लावायचा. आपल्या तुकड्यावर आठवड्यातून एकदा जायचं.

दुसरं, पाणी. भरावाचा खरा शत्रू पाऊस. मोरीचं तोंड प्लास्टिकने, काट्याकुट्यांनी तुंबलं की पाणी भरावावर चढतं आणि तो कापून नेतं. मे महिन्यात मोऱ्यांची तोंडं मोकळी करायची आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा बघायची. एका दिवसाचं काम, पण त्यावर सगळी वाट अवलंबून.

तिसरं, गवत आणि झुडपं. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं, तेही हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. झुडपं कमरेच्या वर वाढू द्यायची नाहीत आणि झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर ठेवायच्या. हे शोभेसाठी नाही. चालणाऱ्या बाईला पुढचं लांबवर दिसलं पाहिजे आणि ती इतरांना दिसली पाहिजे. कडुनिंब, करंज, चिंच लावायची तर भरावाच्या पायथ्याशी, वरच्या कडेला नाही.

चौथं, वही. तारीख, जागा, काय बिघडलं, कुणाला कळवलं, कधी दुरुस्त झालं. बचत गटात आपण पैशाची वही जशी चोख ठेवतो तशीच ही. ‘दिवे लागत नाहीत’ असं नुसतं सांगितलं तर कार्यालयात कुणी ऐकत नाही. तीन महिन्यांच्या तारखांची वही समोर ठेवली की उत्तर द्यावं लागतं.

पाचवं, मोजणी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला वाटेवर किती माणसं आली ते मोजायचं. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे, मुलं वेगळी. पुरुष भरपूर आणि बाया नावाला, असं दिसलं तर वाट सुरक्षित नाही हे त्या आकड्यानेच कळतं. मग दिवा कुठे हवा, बाहेर पडायला आणखी एक रस्ता कुठे हवा, हे बायांनाच विचारायचं.

जे काम आपलं नाही तेही नीट लक्षात ठेवायचं. जुना पूल धोक्याचा आहे की नाही हे इंजिनिअरनेच ठरवायचं. विजेच्या तारा, मोठी झाडं तोडणं, खचलेला भराव, यांना स्वयंसेवकाने हात लावायचा नाही.

फुकटचा हात की हक्काचा हात?

आता एक अवघड गोष्ट. ‘बायका आहेतच, त्या करतील साफसफाई’ असं म्हणणारे सगळीकडे भेटतात. शाळेचं अंगण, मंदिराचा परिसर, गावची मोहीम, झाडू आमच्याच हाती. गावाच्या भल्याच्या नावाखाली आणखी एक बिनपगारी काम आमच्या अंगावर यायला नको.

म्हणून आमच्या गटांत आम्ही फरक करतो. बघणं, नोंद ठेवणं, मोजणी करणं, लोकांशी बोलणं, वर्षातून दोन दिवस सगळ्यांनी मिळून श्रमदान करणं, आणि त्यात पुरुषही असणं, हे स्वयंसेवकाचं काम. रोजची सफाई, गवतकाढणी, मुरूम पसरणं हे मजुरीचं काम. त्याला रोज मिळाला पाहिजे. ते काम एखाद्या गटाला ठेक्याने मिळालं तर आणखी चांगलं. स्वयंसेवक असले म्हणून पंचायतीची किंवा परिषदेची जबाबदारी संपत नाही. स्वयंसेवक म्हणजे त्या जबाबदारीवर ठेवलेला गावाचा डोळा.

दुसरी अवघड गोष्ट, त्या पट्ट्यावर राहणारी माणसं. रिकाम्या जागेवर गरिबांनी घरं बांधलेली असतात. त्यांना हुसकावून केलेली वाट आपली नव्हे. बोलणी आधी त्यांच्याशी. वाट त्यांच्या दारावरून जाणार असेल तर पहिलं चहाचं दुकान त्यांचं असावं.

तिसरी गोष्ट, गाडीची आस. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे बंद आहे आणि तिथली माणसं गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून झगडत आहेत. तिथे जाऊन ‘वाट करा’ म्हणणं म्हणजे त्यांच्या मागणीवर पाणी टाकणं, असं वाटू शकतं. अमेरिकेने १९८३ साली यावर कायद्याने तोड काढली. बंद मार्गावर आज वाट करायची, पण पट्टा अखंड ठेवायचा. उद्या गाडी आणायची झाली तर तो रेल्वेला परत मिळतो. म्हणजे वाट ही त्या पट्ट्याची राखण करते. आपल्याकडेही या विचाराला जागा आहे.

मग भिंगारला काय?

भिंगारच्या आसपास बंद पडलेला मार्ग नाही. नगरवरून जाणारा दौंड–मनमाड मार्ग १८७८ पासून चालू आहे. बीडकडचा नवा मार्ग २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि २०२५ मध्ये बीडपर्यंत सुरू झाला. इथे रेल्वे वाढते आहे. म्हणून आधी कळकळीने एक सांगतो: चालू रुळांवर किंवा रुळांच्या कडेने फिरायला कधीही जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे तो गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे जीव जातो. गाडी आली की आवाजाने कळेल, असं समजू नका. वाऱ्याची दिशा बदलली तर आवाज उशिरा येतो.

पण रुळवाटेची शिकवण रुळांपुरती नाही. गावागावांत असे जुने, लांब, विसरलेले पट्टे असतात. नवा रस्ता झाल्यावर उरलेला जुना रस्ता, कालव्याच्या कडेची वाट, गाडीवाट, नाल्याचा काठ. आमच्या गटांनी अशाच एका अर्ध्या किलोमीटरच्या कच्च्या वाटेपासून सुरुवात केली आहे. आम्ही आधी झाडू उचलला नाही, वही उचलली. दोन-दोन जणी ठरलेल्या वेळी उभ्या राहिल्या आणि मोजलं. सकाळी पुरुष येतात, बाया येतात त्या जोडीने किंवा चौघी मिळून, एकटी कुणीच नाही. का, म्हणून विचारलं तर दोन जागा सगळ्यांनी सांगितल्या: एक वळणावरची झुडपं, दुसरी बंद दिव्याचा खांब. म्हणजे सगळी वाट वाईट नव्हती, दोन जागांमुळे ती बंद होती. झुडपं काढून झाली आहेत. दिव्याचा अर्ज संबंधित कार्यालयात दिला आहे, पोच वहीला चिकटवली आहे, आणि दर महिन्याला दोघी जणी विचारायला जातात.

तुमच्या गटाला सुरुवात करायची तर चार पावलं पुरे. एक, जागा कुणाची ते आधी शोधा: पंचायतीची, पाटबंधारे खात्याची, छावणीची, रेल्वेची की खासगी. मालकाची लेखी परवानगी नसेल तर फावडं मारू नका. दोन, एक महिना नुसती मोजणी करा. तीन, न येणाऱ्या बायांना विचारा की त्या का येत नाहीत. येणाऱ्यांपेक्षा त्यांचं उत्तर महत्त्वाचं. चार, एकच जागा निवडा आणि ती नीट करून दाखवा. रेल्वेमार्गावर काम करायचं असेल तर तो रीतसर बंद होऊन जागा स्थानिक संस्थेकडे आली आहे, याचा कागद पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका.

बार्शीची गाडी आणि इंग्लंडची गाडी एकाच माणसाने आखली. एकीच्या वाटेवर आज म्हातारी माणसंही आरामात फिरतात, कारण कुणीतरी वेळेवर तो पट्टा अखंड सांभाळला. असा एखादा पट्टा तुमच्या गावात आज पडून असेल. या आठवड्यात दोघी जणी जा, तासभर उभ्या राहा, वहीत मोजणी लिहा आणि पुढच्या बैठकीत ती वही सगळ्यांना वाचून दाखवा.

तुमची मोजणी आम्हाला जरूर कळवा. पुढच्या खेपेला तुमचे अनुभव घेऊन येऊ. तोवर भिंगारच्या मैत्रिणींचा नमस्कार.